सोनौलीच्या नाक्यावर अडलेलं पोतं

हसान तुम्ही, पण आमच्या आईसंगं फिरायला जाणं म्हणजे गाडीत माणसांपेक्षा सामान जास्त. नेपाळात लुंबिनीला, बुद्धाच्या जन्मगावी निघालो, तर तिनं आमच्या केशोरी गावच्या नव्या तांदळाचं पोतंच गाडीत टाकलं. मी म्हटलं, "आई, तिकडं तांदूळ भेटत नाही का? कायले घेऊन राहिली?"

"कोनाच्या घरी रिकाम्या हातानं जात नसतात," ती म्हणाली.

गोंदियाहून गाडी हाकत सरहद्दीवर, सोनौलीच्या नाक्यावर पोचलो, अन् नेपाळी शिपायानं नेमकं तेच पोतं उघडलं.

"इतना चावल? बेचने का है?"

मला वाटलं, आता इथूनच परत फिरावं लागते. तेवढ्यात आई खाली उतरली.

"बेचने का नहीं भाऊ. रिश्तेदारी में जा रहे."

"नेपाल में कौन रिश्तेदार?"

"सिद्धार्थ. लुंबिनीवाला."

शिपायाला हसू आवरेना. "माताजी, वो तो कब के घर छोड़के चले गए."

आईनं पोत्याचं तोंड घट्ट बांधलं.

"मालूम है. घरवाले तो होंगे ना?"

त्यानं नाक्याची दांडी वर केली.