घोडागाडीतली समोरची जागा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचे प्रमुख श्री. कॉर्बिट वॅपल्स, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती आमदार व्हर्ना पेटिजॉनबाई, आणि आतून चिकनचा वास येत असूनही जागा न सोडलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

बाईंच्या निरोपाला मी, हार्लन ट्रुइटने, का बोलावं? त्यांच्याविरुद्ध सात वेळा उभा राहून मी सातही वेळा पडलो. "एवढा अनुभव गावात दुसऱ्या कुणाला नाही," असं अध्यक्ष म्हणाले. ते खरंच आहे.

शाळेची बस चालवणारी ही बाई चौदा वर्षं राजधानीत, डोव्हरच्या विधानसभेत बसली. खाडीवरचा पूल त्यांनी आणला. प्रचारात मी त्या पुलाला नावं ठेवली, आणि आता रोज त्याच्यावरूनच कोंबड्यांचं खाद्य आणतो.

मतदानानंतर दोन दिवसांनी, आपल्या रीतीप्रमाणे, जिंकलेल्या बाई आणि हरलेला मी एकाच घोडागाडीत समोरासमोर बसायचो. जॉर्जटाऊनच्या चौकातून मिरवणूक निघायची. पहिल्या दोन खेपांना मी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलो. तिसऱ्या निवडणुकीआधीच्या उन्हाळ्यात माझी बायको ईडिथ गेली. त्या खेपेला थंडी फार होती. बाईंनी आपलं अर्धं ब्लँकेट माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

"हार्लन, जेवता का काही?"

"जेवतो की. सूपचा डबा उघडतो."

"तसं मांजर जेवतं," बाई म्हणाल्या, आणि लोकांना हात हलवू लागल्या.

माझ्या पक्षाच्या मंडळींनी आता जरा कान झाकावेत. चौथ्या निवडणुकीपासून मी जिंकायला उभा नव्हतो. दोन वर्षांतून एकदा अर्धा तास त्या गाडीत बसायला मिळे, त्यासाठी उभा राहत होतो. गेल्या खेपेला बाईंनी विचारलं, "अहो हार्लन, इतक्यांदा पडता, मिळतं तरी काय?" मी म्हटलं, "मिरवणुकीनंतरचं सँडविच फुकट असतं." त्या हसल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या. ते उत्तर खोटं होतं, आणि तेव्हापासून मला खुपतंय.

बाई आता निवडणूक लढवणार नाहीत. गुरुवारी त्या ॲरिझोनाला, लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या आहेत. बाई, मला तुमची फार आठवण येईल. पुलावर येईल, सूप गरम करताना येईल.

परवा गाडीवाल्या मर्विनचा फोन आला. "यंदा तुम्ही दोघंही उभे नाही. गाडी नव्या उमेदवारांना देऊ ना?" मी म्हटलं, "शुक्रवारी सांगतो." बाई निघायचा गुरुवार त्याआधी येतो, हे लक्षात ठेवूनच सांगितलं. बाईंचं ब्लँकेट गेल्या खेपेपासून माझ्याकडेच आहे. आज परत करायला आणलं होतं, पण मोटारीतून काढवलं नाही.

अध्यक्षांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. माझं काही चुकलं असेल तर सभेने ते पोटात घालावं. बाईंनी मात्र घालू नये, जे वाटेल ते तोंडावर सांगावं. जेवणं होईपर्यंत मी बाहेर मोटारीपाशी उभा आहे.