आत्याचा मदरबोर्ड

माझ्या आत्याला मदरबोर्ड निवडताना तुम्ही बघायला हवं होतं. जामखेडला तिचा टायपिंगचा क्लास होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मुली यायच्या कमी झाल्या, तेव्हा तिनं कॉम्प्युटर जोडून घ्यायचं ठरवलं आणि मला घेऊन नगरचं एक दुकान गाठलं.

दुकानदार सगळं मलाच समजावत होता आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी आत्यानं समोरचा स्वस्तातला बोर्ड उचलला.

"ह्याच्यावर रॅम लावायला दोनच खाचा हायेत. पुढं वाढवायची म्हटली तर?"

"बाई, टायपिंगला एवढं कशाला लागतंय?"

"टायपिंग मला येतंय. पोरींना उद्या काय काय शिकावं लागंल, ते मला अजून ठाऊक न्हाई. म्हणून जागा ठेवायचीय."

दुकानदारानं वरच्या फळीवरचा सगळ्यात भारी बोर्ड काढला आणि माझ्याकडं पाठ करून आत्याला एकेक खाच दाखवू लागला. तिनं तोच घेतला.

निघताना त्यानं खोक्यातलं माहितीपुस्तक तिच्या हातात ठेवलं. "आमच्यात हे कुणी वाचलेलं नाही, बाई. तुमचं वाचून झालं की आम्हालाही शिकवायला या."

"मी कशाला येऊ?" आत्या म्हणाली. "तुमीच जामखेडला या. क्लास सकाळी सातला भरतो."