लाल गोंड्याचा पेनड्राइव्ह

चालत होतं की वो... तुमीच सांगा पावणं, चांगलं चालत होतं की. म्हातारा मोबाइलवर कुस्त्या बघत होता, बायको लॅपटॉपवर अभ्यास करत होती, मग मला कुणी सांगितलंतं राउटरच्या नादाला लागायला? कुणी न्हाय. खाजवून खरूज काढली मी.

आता अगदीच न्हाय म्हणायला एकदा घोळ झालता. आमच्या वर्षाराणीची मुलाखत होती, लॅपटॉपवर. लेकरू झालं तवा नोकरी सोडली तिनं, तवापासनं वाट बघतीया बिचारी. बोलणं रंगात आलं अन् पडद्यावरचा साहेब तोंड उघडं ठेवून तसाच थिजला. का? तर आमच्या म्हाताऱ्यानं, आबांनी, भायर मोबाइलवर कुस्ती लावली होती. गेली नोकरी. आता परत पुण्याच्या कंपनीनं बोलवलं, घरात बसून करायचं काम, तर बाई मला म्हणती कशी, "आवो, ह्या खेपंला नेट गेलं तर मी लेकराला घिऊन गडहिंग्लजला आईकडं. मग बसा तुमी राउटर कुरवाळत." मोबाइलचं नेट म्हणशीला, तर आमचं घर मळ्यात, रेंज येती ती फकस्त गोठ्यात, म्हशीच्या शिंगापाशी. तिथं बसून मुलाखत द्यायची व्हय?

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या हापिसात कॉम्प्युटर बघतो, म्हंजे अगदीच अडाणी न्हाय. नेटवाल्यानं दिलेला राउटरचा जुना डबा काढला, त्यो आईनं लगेच उचलून दुधाच्या पातेल्यावर ठिवला, मांजर झाकण ढकलतंय म्हणून. त्याच्या जागी नवा राउटर आणला. आता नवा आणला तर गप बसावं का न्हाय? न्हाय. राउटरची मूळची अक्कल काढायची, फर्मवेअर म्हणत्यात तिला, अन् दुसरी, फुकटातली घालायची, असं वाचलं मी. मग तिच्यात एक सॉफ्टवेअर टाकायचं, म्हंजे मुलाखतीचा कॉल पुढं अन् कुस्त्या मागं. घातली अक्कल. सॉफ्टवेअर टाकाय गेलो तर राउटर म्हणतोय, जागा न्हाय. आत जागाच एवढी की चार फोटो टाकलं तर दार लागायचं न्हाय. मग परत वाचलं, की मागं पेनड्राइव्ह लावायचा अन् राउटरला सांगायचं, बाबा, आता ह्योच तुझा मेंदू.

घरात पेनड्राइव्ह एकच. थोरल्या भावाच्या, सम्राटदादाच्या ट्रॅक्टरात. आमच्याकडं ऊस ओढणारा ट्रॅक्टर म्हंजे तुमाला ठावं हाय, इंजनापरास स्पीकर मोठा. हरवू नये म्हणून दादानं पेनड्राइव्हला लाल गोंडा बांधलेला. म्हटलं, चार दिवस वापरू, मागनं नवा आणून ठिवू. तर राउटर म्हणतोय, आधी कोरा कर. केला. दादानं वर्सानुवर्सं जमवलेली गाणी एका बटणात साफ. पर राउटर असा पळाय लागला, नाद खुळा! आबांनी कुस्ती लावली, वर्षाराणीनं गडहिंग्लजला व्हिडिओ कॉल लावला, कायसुदिक हललं न्हाय. हसली वो ती माझ्याकडं बघून. लई दिसांनी. त्या नादात दादाला नवा पेनड्राइव्ह आणायचा ऱ्हायलाच, चालत होतं की.

मुलाखतीच्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय, जशी माझीच मुलाखत. अकराला मुलाखत, अर्धा तास ऱ्हायला अन् वाय-फाय गायब. राउटर बंद करून चालू केला, तर आमच्या वाय-फायचं नाव न्हाय, पासवर्ड न्हाय, काय न्हाय, ओळखच दाखवंना. मागं वाकून बघतोय तर भोक मोकळं. पेनड्राइव्हच न्हाय. मेंदू काढून नेलाय कुणीतरी!

आई म्हणती, "सम्राट घिऊन गेला की. म्हणत होता, माझा गोंडा हितं कसा आला."

वर्षाराणीनं घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला डोळ्यांपुढं गडहिंग्लजची यष्टी दिसाय लागली. काढली गाडी अन् सुटलो साखर कारखान्याकडं, दादा ऊस घिऊन तिकडंच गेलता.

कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची ही रांग, सगळ्यांची गाणी अंगावर येत्यात, त्यात आमचा कुठला गावायचा? तर मधीच एक मुका ट्रॅक्टर. म्हटलं, ह्योच. दादा टेपवर बुक्क्या घालत बसलेला. "आरं विश्वा, यात एक बी गाणं वाजंना. कुणी वाटोळं केलं?"

"दादा, त्यो दे आधी."

"गाणी कुठं हायत ते सांग, मग देतो."

"दादा, वर्षाराणीची मुलाखत हाय, त्याच्याबिगर नेट न्हाय."

तसा दादानं गपकन उपसून हातात दिला. "मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय गाढवा? पळ." माणूस सोन्यासारखा हाय वो, त्याचीच गाणी पुसली मी.

तसाच माघारी. ऊस पडल्याला चुकव, खड्डा चुकव, घामानं शर्ट चिकटला, डोस्क्यात एकच, अकरा वाजून गेलं. घरात शिरलो, दार ढकललं अन् पेनड्राइव्ह वर धरून वरडलो, "गावला गं, गावला!"

वर्षाराणी लॅपटॉपपुढं बसलेली. पडद्यावर तिघं साहेब, हलत्यात, बोलत्यात. टेबलावर नेटवाल्याचा जुना डबा, अंगावर साय वाळलेली, दिवं लुकलुक करत्यात. अन् नेमका तवाच मधला साहेब विचारतोय, "मॅडम, घरून काम करताना मुख्य अडचण कशाची येईल असं वाटतं?"

बाईनं लॅपटॉप हळूच माझ्याकडं वळवला.

मी तसाच उभा, केसात उसाचं पाचट, हातात लाल गोंडा. तिघं साहेब टेबल बडवून हसलं.

लागली नोकरी. लागली, देवाच्या दयेनं. डबा कुणी लावला म्हणून विचारलं तर आई म्हणती, "मीच दिला की तिला. वायर तिनं जोडली. चालत होता की रं त्यो."

आता राउटरला हात लावायचा न्हाय असा हुकूम झालाय. रोज सांजच्याला बसतो दादाची गाणी एकेक हुडकून भरत. अन् माझा राउटर म्हणशीला तर, नवी अक्कल घातलेला, एवढा शिकला-सवरलेला, त्यो बसलाय दुधाच्या पातेल्यावर, मांजर झाकण ढकलू नये म्हणून.

तिथं मातर चालतोय वो. एकदा बी बंद पडला न्हाय.