जांभळी बाटली आणि माझा हात

...आणि हिरवा झाला हो! हिरवा! सकाळी माझ्या डोळ्यांदेखत जांभळा होता, पिकल्या जांभळासारखा गडद, आणि दुपारी मी तीच पूड घेतली, त्याच बाटलीत टाकली, वर तेच पाणी... पाणी नाही, पाण्यासारखं दिसणारं ते मॅडमचं काहीतरी... घातलं, हलवलं, आणि बघते तर काय, हिरवागार! तुम्हाला सांगते, माझ्या पायाखालची जमीनच सरकली. अंधेरीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं अटेंडंट आहे मी, बाटल्या धुते, नळ्या पुसते, पोरं जे जे सांडतात ते निस्तरते, पण असला प्रकार नव्हता बघितला कधी. आणि पहिलं तोंडातून काय निघावं? लॅबमध्ये चिटपाखरू नाही, आणि मी एकटीच ओरडतेय, "मी हात नाही लावला!"

सवय हो, दुसरं काय! लॅबमध्ये काही फुटलं की आमचे हेड नंदकुमार सर चष्मा नाकावर ओढून पहिली हाक मला मारणार. "वनमालाबाईऽऽ! हे काय?" मी म्हणणार, मी हात नाही लावला सर. "अस्सं? मग काय बाटली पाय फुटून खाली उतरली?" आता खरं सांगू? दहातल्या नऊ वेळा मी खरंच हात लावलेला नसतो. पण विश्वास ठेवतंय कोण!

बरं, दुसरा कुठला दिवस असता तर मी एवढी घाबरले नसते. पण दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. कॉलेज तपासायला. आणि मी अकरा वर्षं काय आहे? तात्पुरती! अकरा वर्षं कोणी तात्पुरतं असतं का हो? जोगेश्वरीत आमच्या शेजारी पोर जन्माला आलं, शाळेत गेलं, सहावीत आलं, आणि मी अजून तात्पुरतीच! तर प्रिन्सिपॉल सर म्हणाले होते, "वनमालाबाई, समिती नीट पार पडू द्या, तुमची कायमची ऑर्डर मी काढतो. पण काही गडबड नको हं." आणि त्यावर मी ह्या बाटलीची वाट लावून बसले!

झालं कसं, ऐका. आमच्याकडे यंदा नवीन मॅडम आल्यात, गार्गी मॅडम. मुलुंडच्या. हुशार पोरगी, आणि बोलणं कसं, "वनमालाताई, बसा ना, चहा घेतलात का?" नाहीतर बाकीचे! तर ह्या मॅडमनी एका इवल्याशा डबीतून काळपट पूड काढली, म्हणाल्या, "ताई, ही डाय, म्हणजे रंगाची पूड, मैत्रिणीने परदेशातून आणून दिलीय, इथे पटकन मिळत नाही." एका कॅनमधलं काहीतरी बाटलीत ओतलं, चिमूटभर पूड टाकली, की लगेच जांभळं! "ही बाटली उद्या समितीला दाखवायचीय, जपा हं." आणि गेल्या लेक्चरला.

मी जपत होते हो! जपायला म्हणूनच पुसायला घेतली! समिती येणार म्हणजे सगळं चकाचक पाहिजे ना! पुसता पुसता... आता कसं सांगू... सटकली. बाटली नाही फुटली, पण जांभळं सगळं बेसिनमध्ये. मी बघतेय, ते गोल गोल फिरत चाललंय, आणि त्याच्याबरोबर माझी ऑर्डर पण गोल गोल फिरत चाललीय.

मग डोकं चालवलं. नको तिथे चालतंच माझं! म्हटलं, डबीत पूड आहे, मॅडमनी केलं ते मी समोर उभी राहून बघितलंय, आपण परत करू, कोणाला काय कळतंय? पण टेबलावर कॅन होते दोन. दोन्हीत पाण्यासारखं पांढरं. आणि लेबलं? लेबलं काढलेली! का? समिती येणार म्हणून! जुनी लेबलं मळकी दिसतात, नवीन छापायला टाकलीत! बरं, वासावरून ओळखावं, तर भिंतींना ताजा रंग मारलेला. का? अहो, समिती येणार म्हणून! नाकात नुसता ऑइलपेंट! घेतला त्यातला एक कॅन, देवाचं नाव घेऊन ओतला, पूड टाकली...

हिरवा.

आता करायचं काय? डबीत पूड राहिली थोडीशी, ती संपवली तर मॅडम मला संपवतील. तेवढ्यात बाहेरून नंदकुमार सरांच्या चपला वाजल्या, फटक फटक फटक... आणि मी काय केलं असेल? घरी अचानक चार पाहुणे आले, आमटी कमी पडली, की आपण बायका काय करतो? नळाखाली धरली बाटली! खरंच सांगते, विचार-बिचार काही नाही, हातच गेला. थोडंसं पाणी पडलं आणि हिरव्याचा झाला निळा. म्हटलं, आईशप्पथ! अजून घातलं. निळ्याचा झाला जांभळा! सकाळच्यापेक्षा जरा फिका, पण जांभळा! बूच लावलं, ठेवली टेबलावर आणि सर आत. "वनमालाबाई, काय चाललंय?" मी ताठ उभी. "मी हात नाही लावला सर!" सर म्हणाले, "मी विचारलंच कुठे?"

घरी गेले, जेवायला बसलो. आमचे हे, काशीराम, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, गाव मालवणकडचं, त्यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे माशाचा काटा काढतायत. "अगो, आता जांभळो दिसता मां?" म्हटलं, दिसतोय. "मग झाला! गप रव. कोणाक कळूचा नाय." म्हटलं, अहो, त्या मॅडम डॉक्टर आहेत केमिस्ट्रीच्या! "असांदेत! आमटीत पाणी घातलेला माका तरी खंय कळता?" मी म्हटलं, म्हणजे तुम्हाला कळत होतं वाटतं! तर ह्यांनी माशाचा अजून एक काटा काढला.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघं जण. मुख्य ते चंद्रप्रकाश सर म्हणून कोणी, पांढऱ्या भुवया, हसण्याचं नाव नाही. मी कोपऱ्यात चहाचा ट्रे धरून उभी. गार्गी मॅडमनी बाटली उचलली. बूच काढलं. आणि थांबल्या.

वास! जवळून वास येणारच ना! नेलपॉलिश पुसायचं असतं ना, तोच वास. ॲसिटोन! मॅडमनी बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी ट्रेकडे. मनात म्हटलं, वनमाला, झालं तुझं कायम!

मॅडमनी बाटली बाजूला ठेवली. चार ग्लास मांडले, चारही ग्लासांत चार कॅनमधलं, कालचे दोन आणि कपाटातले अजून दोन, ओतलं, सगळं पाण्यासारखं. डबीतली उरलेली पूड चारही ग्लासांत टाकली. आणि काय सांगू तुम्हाला! एक लाल, एक जांभळा, एक निळा, आणि चौथा... हिरवा! माझा हिरवा! अगदी तोच! "सर, डाय एकच आहे," मॅडम सांगतायत, "फक्त सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात ती विरघळवली ते, वेगळं आहे. ज्याच्यात पडेल त्याच्याप्रमाणे हिचा रंग बदलतो. पूड खराब होत नाही, कोणाची चूकही नसते."

कोणाची चूक नसते! अहो, माझ्या छातीवरून कोणीतरी धोंडा उचलल्यासारखं झालं. डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे मी काही बिघडवलंच नव्हतं!

आणि मग मॅडम काय म्हणतात? "आता पुढचा भाग आमच्या वनमालाताई दाखवतील. ताई, काल केलंत तसं करा ना." काल! केलंत! तसं! माझ्या हातातला ट्रे काढून ड्रॉपर दिला. मी गेले पुढे, हिरव्या ग्लासात पाणी सोडलं. थेंब, थेंब... निळा. अजून... जांभळा. पांढऱ्या भुवया वर गेल्या! "वा! पाण्याचं प्रमाण किती घेतलंत?" मी म्हटलं, "सर, आमटीला घालतो तसं. अंदाजाने." आणि ते चंद्रप्रकाश सर हसले हो! टाळ्या वाजवल्या! वहीत लिहिलं सुद्धा!

समिती गेल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ताई, मी ओतलं होतं ते ॲसिटोन नव्हतं. आणि ॲसिटोनमध्ये रंग हिरवा येतो, जांभळा म्हणजे कोणीतरी पाणी घातलंय. सांडलं होतं ना?" तोंड उघडलं, मी हात ना... आणि तिथेच थांबले. म्हटलं, "हो मॅडम. माझ्याच हातून सांडलं." त्या म्हणाल्या, "मग सांगायचं ना! थोडं ओरडले असते, परत करून ठेवलं असतं." एवढंच! आणि मी काल दुपारपासून जीव मुठीत धरून बसलेली!

आणि ऑर्डर? आली! परवाच आली. कायम! शिक्का मारलेली! हुश्श! काशीरामांनी दोनदा वाचली, मग देवासमोर ठेवली, मग परत उचलून तिसऱ्यांदा वाचली.

फक्त एक मनाला लागून राहिलं होतं. म्हटलं, आता कायम झालेय, आता खरं बोलायचं. गेले नंदकुमार सरांकडे. म्हटलं, सर, समितीसमोर केला तो प्रयोग-बियोग काही नव्हता. माझा हात लागला, बाटली सांडली, मी घाबरून नळाखाली धरली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खुर्चीत रेलून हसायलाच लागले. "काय हो वनमालाबाई! एवढा छान प्रयोग बसवलात आणि म्हणे चुकून झाला! किती तो विनय! बाटली सांडली म्हणे! छे छे, तुम्ही कधी कशाला हात लावता का?"

अकरा वर्षं मी हात नाही लावला म्हणून ओरडत होते, तेव्हा ह्या माणसाने एकदा तरी ऐकलं का? आता काय बोलणार... "हो सर" म्हटलं, आणि गेले बाटल्या धुवायला.