बांगडी वाढली नव्हती

हॅलो?… हॅलो… हां आई, बोल. मीच, प्रणाली.

अं? नाही, गप्प नाही झाली. तुह्या मांगं काचेच्या बांगड्या खळकल्या ना आत्ता, अन् मले एकदम माणिकबाई कासारणीचा आवाज ऐकू आला. लहानपणचा. टोपली डोक्यावरून उतरवता उतरवताच सुरू करायची ना ते…

'हात ढिला सोड माय, नको आवळून धरू,
काचेलेबी भेव वाटे, तिची घाई नको करू.'

…अन् मंग माहा पंजा आपल्या मांडीवर घेऊन, 'दुखलं तं सांगजो वं पोरी.' आठवते तुले?… बरं बरं, काम सांग. जेवणाची सुट्टी हाये. भोंगा वाजला की आत जा लागते.

हो, कंपनीच्या गेटाशी, लिंबाखाली बसली. हो, खाल्ला डबा. कोबीच. नांदगाव पेठेले काय श्रीखंड भेटते?

शनिवारी येते. अमरावतीवरून दुपारची बस. हो, आचलच्या हळदीच्या आधी पोचते ना… काय शिवून आणलं?

पूर्ण बाह्या?

आई. मे महिना हाये. अकोल्यात लोक गाडीच्या सीटवर ओलं फडकं टाकून बसतात, अन् मी मनगटापर्यंत पोलकं घालू? नवरदेव मांडवात यायच्या आधी मलेच सलाईन लावा लागन.

…फॅशन? कोणती फॅशन?… अगं ऐक ना. ऐक. बाह्या काहून लांब केल्या, मले माईत हाये. फॅशन नको म्हणू. वण झाकासाठी म्हण. एकदा म्हणून तं पाह्य.

…नाही घालणार. नाही म्हणजे नाही. माहा जांभळा ब्लाउज हाये ना, कोपराच्या वर बाही असलेला, तोच.

…हो, लोक पाहतील. मंग? दोन वर्षं झाले. आता पांढरे पडले ते. काळ्या मातीतल्या भेगा बुजल्या तरी रेघ राह्यते ना, तसं. रेघ पाहून कोणाले भोवळ येत असन तं त्यानं पंख्याखाली बसावं.

अन् बांगड्या भरताना काय करणार होती तू? बाही तं वर सरकवाच लागन… काय?… मी भरायच्याच नाहीत? साऱ्या पोरी भरतील, अन् नवरीची एकुलती चुलतबहीण कोपऱ्यात बसून टकमक पाहील?

…थांब. थांब थांब. गोदाबाई कोण?… कारंज्याची? बांगड्या भरायले? अन् माणिकबाई काहून नाही? तुह्या लग्नाचा चुडा तिनं भरला, माह्या पाचवीच्या बांगड्या तिनं…

…कच्ची काच? कोण म्हणते?… लीलाकाकू. काहून म्हणते?

आई, सांग. काहून म्हणते काकू, माणिकबाईची काच कच्ची हाये म्हणून?

…

हो… हो… म्हणजे तवा काकूनं माहा हात पाहिला, अन् तू म्हटलं, 'बांगडी वाढली, म्हणून लागलं.'… इतकं? एका बांगडीनं? अन् काकूनं मानलं?… डझनभर वाढल्या म्हणून सांगतलं. वा रे वा. मी काय बांगड्याच्या टोपलीवर पडली होती?

मंग साऱ्या भावकीत झालं, माणिकबाईची काच हातातच फुटते. तवापासून बोलावणंच बंद. अन् ती बुढी? ती काय म्हणाली?… काहीच नाही?

तिले माईत होतं, आई. तिनं पाहिलं होतं. त्या संक्रांतीले मी हात मांगं ओढून राहिली, तं तिनं हळूच वळवून घेतला. पाहिला. एक अक्षर नाही बोलली. फुंकर घातली वरून, अन् साऱ्या बांगड्या दुसऱ्या हातात भरल्या. वर तेच तिचं, 'दुखलं तं सांगजो.' मी म्हटलं, मले नाही दुखत… तिनं तोंड उघडलं असतं तं तिची गिऱ्हाइकाची घरं तुटली नसती. नाही उघडलं.

…मी रागावून नाही राहिली. …बरं, रागावूनच राहिली.

मले सांग, आपण 'वाढली' काहून म्हणतो? 'फुटली' म्हणायचं नाही, अपशकून हाये. दिवा 'विझला' म्हणायचं नाही. बरं हाये. काचेसाठी बरं हाये, दिव्यासाठी बरं हाये. पण माणूस फुटलं तं त्यालेबी वाढलं म्हणायचं काय? मी वाढली नव्हती, आई. मी फुटली होती.

…नको ना रडू. ऐक. अगं ऐक ना…

'तुले काय कमी होतं?' झालं, आली तू त्याच खुट्यापाशी. काही कमी नव्हतं. काही झालंबी नव्हतं. काही झालं नव्हतं तरी होत होतं, हेच तं सांगता येत नव्हतं. बाबा ओट्यावर झेंडूचे हार ओवत बसायचे, एवढा पिवळाजर्द ढीग, अन् मले त्याचा रंगच दिसे ना. सारं राखेचं. …नाही, मरासाठी नाही केलं. कोणी पाहावं म्हणूनबी नाही. पाहावं म्हणून केलं असतं तं झाकलं काहून असतं? आत इतका कल्ला चाले, त्याले बाहेर कुठं तरी जागा पाहिजे होती. वाटे, आता गप्प बसन. बसे घटकाभर. मंग लाजेले संगं घेऊन दुप्पट होऊन ये.

आता? आता गोळी घेते. दवाखान्यातल्या ताईपाशी जाऊन बोलते… येड्याची गोळी नाही ते. बाबा साखरेची घेतात, तं ते येडे हायेत काय?

अन् तसं वाटायले लागलं ना, की पहिले एकटी राहत नाही. करिश्माले सांगते. हो, रूमवरची, धारणीची. ती काही उपदेश देत नाही. परात पुढं सरकवते. मी कणीक तिंबते. गुद्दे मारून मारून. ती समोर बसून साऱ्या हॉस्टेलच्या चुगल्या सांगते. अन् म्हणते, 'प्रणाली, तुह्या दुःखापायी आमच्या पोया लय मऊ होऊन राहिल्या वं.'… हास. हास ना, मीबी हासली होती. कधी कणकेनं नाही भागत, मंग आम्ही दोघी चालत सुटतो. पार हायवेपर्यंत. तवर ते ओसरते. ओसरते, आई! हे मले पहिले माईतच नव्हतं, की ते ओसरते.

…खोटं नाही बोलणार. होळीच्या आसपास एकदा घसरली… हो… पण मीच जाऊन ताईले सांगतलं. तिनं नाही हाकललं. म्हणाली, चालायले शिकणारं लेकरू पडलं म्हणून कोणी त्याले परत पाळण्यात टाकते काय.

तं मी काय म्हणते… तुह्याजवळ आता कोण कोण बसलं हाये?… काकू, आचल… गोदाबाई टोपली घेऊन आलीच काय, माप घ्यायले? अन् शालूमावशी. गहू निवडून राहिल्या. बेस्ट. फोन स्पीकरवर टाक.

टाक, आई.

…तू सांगशीन? कवा? लग्न झाल्यावर? आचलचं लेकरू शाळेत गेल्यावर?… नाही. हात माहा हाये, तोंडबी माहंच पाहिजे. …लाल बटण नको दाबू, फोन कटन. ते कर्ण्याचं चित्र. हां.

काकू? नमस्कार वं काकू. हो, बरी हाये… आचल, थांब, तुही मस्करी मंग. काकू, एक सांगाचं हाये. माणिकबाईची काच कच्ची नाही. माह्या हातावर जे हाये ते बांगडीनं नाही झालं. बांगडी वाढली नव्हती. मी मनानं आजारी होती. डिप्रेशन म्हणतात त्याले. अन् माह्या हाताले मीच इजा करून घेत होती. आता इलाज चालू हाये. झालं. एवढंच हाये ते.

…

हॅलो?

हॅलो… कट झाला काय? सुपाचाबी आवाज थांबला.

…कोण, शालूमावशी?… पोरापायी? नाही वं मावशी! एवढं भारी पोरगं अकोल्यात कुठं हाये, मले तं दाखव.

…काय म्हणतं तू, आचल?… तूबी आखूड बाह्या करतं? अवं येडे, नवरीचं पोलकं हाये ते, तुही सासू पहिल्याच दिवशी… बरं. बरं बाई, कर. दोघी मिळून घामोळ्यातून वाचू.

…काकू, तू नको रडू. तुही चूक नाही, तुले जे सांगतलं ते तू मानलं… मंग माणिकबाईच्या घरी जा ना. फोन नको करू, घरी जा. संगं नारळ घेऊन जा… नाही नाही, गोदाबाईलेबी राहू द्या. तिनं काय बिघडवलं? वऱ्हाडात हात काय कमी हायेत? पण माहा हात माणिकबाईच धरन. वण असलेला.

…भोंगा वाजला. ऐकला ना? ठेवते आता. आई? …स्पीकर बंद केला काय? कुठं चालली?… मोरीपाशी काहून? बोल लवकर, सुपरवायझर पाहून राहिला.

…

काय?

…आवाज नाही येऊन राहिला…

नाही. येऊन राहिला. ऐकलं मी.

…'दुखलं काय वं,' म्हणतं तू.

…दुसऱ्यांदा नको इचारू. ऐकलं म्हटलं ना.

माणिकबाईले मी म्हटलं होतं, नाही दुखत. ताईलेबी तेच म्हटलं. करिश्मालेबी.

…

हो.

हो, आई. दुखलं. लय दुखलं.