आजेचीर, मजला दुसरा

...छे छे, माझं भांडण त्या गारेगार हवेशी नाहीच, त्या आरशासारख्या फरशीशीही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की एखादं माणूस तुमच्या दारात आलं, वयस्क आहे, नऊवारीत आहे, घामानं निथळतं आहे, तर त्याला 'बसा' म्हणायला तुमचं काय जातं? दोन अक्षरं आहेत हो! हिंदीत 'बैठिए' म्हणा, फार तर तीन होतील! पण तुम्हाला सांगते, नानाखेड्याचा तो एवढा अवाढव्य मॉल, बाहेर हत्तीएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे 'मालवा का सबसे बड़ा', आणि त्या सबसे बड्यामध्ये सकाळपासून उन्हं कलेपर्यंत मला कुणी 'बसा' म्हणालं नाही!

आता तुम्ही विचाराल, माई, मुळात तुम्ही तिथे गेलातच कशाला? विचारा, विचारा, प्रश्न रास्त आहे. मी काही हल्लीच्या मुलांसारखी वारा खायला गेले नव्हते. मी गेले आजेचिरासाठी!

बघा, तुमच्यातल्याही दोघीतिघींच्या चेहऱ्यावर तेच आलं, जे आमच्या सूनबाईंच्या चेहऱ्यावर आलं होतं! आमच्या सौमित्रचं, म्हणजे नातवाचं लग्न चार दिवसांवर आलेलं, घरात मानपानाच्या साड्यांचा डोंगर, आणि मी आपलं नंदाला विचारलं, आजेचीर कुठे ठेवलंस ग? तर ती माझ्याकडे अशी बघते, जशी मी तिला संस्कृतमधून काही विचारलं! "कोणतं चीर, आई?" अग, नवरीच्या आईची जी आई, तिला मुलाकडच्यांनी द्यायचं वस्त्र, ते आजेचीर! जिनं नवरीच्या आईला लहानाचं मोठं केलं, त्या बाईचा मान. तो चुकला तर लग्न अडत नाही, अक्षता पडतात, जेवणं होतात, सगळं होतं... पण पुढली पंचवीस वर्षं मुलीच्या माहेरी, ग्वाल्हेरात, आमच्या घराचं नाव कसं निघेल? "उज्जैनचे ते? हां हां, आजीला विसरले ते!" चालेल तुम्हाला? मला नाही चालणार. मी या घरात सून म्हणून आले त्या दिवसापासून इथला एकही मान कुणी उणा पडू दिलेला नाही, आणि शेवटच्या नातवाच्या लग्नात पडू देऊ?

नंदा स्वभावानं गरीब, ती म्हणाली, "आई, ग्वाल्हेरला फोन करून विचारू का, आजींना कशी साडी आवडेल?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात? नवरीची ती आजी, अंबिकाबाई, माझ्या वयाच्या, घर जुनं, पणजोबा दरबारात दप्तरदार... नऊवारीच नेसणार! आणि आजेचीर काय विचारून देतात? मग आमचे चिरंजीव श्रीकांत, बँकेतली माणसं सगळ्याला सोपा उपाय काढतात, ते म्हणाले, "आई, मी इंदूरला जाऊन येतो. राजवाड्यापाशी नऊवारी सर्रास मिळते." मी म्हटलं, खबरदार! चंद्रविलास असताना इंदूर? तुझ्या मुंजीची वस्त्रं चंद्रविलासची, तुझ्या लग्नाचा शालू चंद्रविलासचा, आणि आता इंदूर?

चंद्रविलास तुम्हाला आठवत असेलच. गोपाळ मंदिराजवळचं. खाली कापड, वर भांडी-ट्रंका, त्याच्या वर गाद्या-रजया, सबंध संसार एका छपराखाली. पायरीशी चपला काढायच्या, पांढऱ्याशुभ्र गादीवर चढायचं, मोठे शेटजी हात जोडून म्हणायचे, "आओ माई, बिराजो!" बिराजो! ऐकलंत? मग पाणी, मग थानावर थान उलगडत जायचं, शंभर नाकारली तरी कपाळाला आठी नाही... आणि ते चंद्रविलास, नंदा म्हणाली, आता मॉलमध्ये गेलं. दुसऱ्या मजल्यावर. बरं, म्हटलं, गेलं तर गेलं. माणसंही घरं बदलतात. चल!

दारातच पहिला अपमान. एक गणवेशातला मनुष्य माझ्या अंगाभोवती कसलंसं पिपाणीसारखं यंत्र फिरवतो, आणि ते यंत्र माझ्या मंगळसूत्रापाशी येऊन ओरडतं! मग पिशवी उघड. "माताजी, पानी की बोतल अंदर नहीं जाएगी." का नाही जाणार? "अंदर पानी मिलता है." अरे, मिळतं ना, विकत मिळतं! ज्या गावात वैशाखात गल्लोगल्ली फुकट पाण्याचे प्याऊ लागतात, तिथे एका म्हातारीच्या हातचं पाणी काढून घेता, आणि वर खुर्ची पुढे करून 'बसा' म्हणत नाही?

मग तो जिना. चालता. आपण उभं राहायचं आणि जिन्यानं चालायचं! मी नंदाला म्हटलं, साधा जिना कुठे आहे? तर तो मागच्या अंगाला, तिथे खोकी रचून ठेवलेली. तुम्हाला सांगते, नऊवारीचा काष्टा सावरत, एका हातानं नंदाला आणि दुसऱ्या हातानं ते सरकतं रबर धरत मी वर गेले तेव्हा माझ्या मागची मुलं म्हणतात कशी, "दादी, आराम से, आराम से!" आराम? पायरी पायाखालून पळते आहे, तिथे कसला आराम!

वर पोचलो, तर पहिलंच दुकान भांड्यांचं. हेही आपल्या जुन्या बाजारातलंच, पाटी नवी, पण डबे तेच, पिवळी पडलेली प्लॅस्टिकं चढवलेले, काचेच्या कपाटात फुलपात्रं पाहुण्यांसारखी लांब लांब उभी. नंदा तिथे रेंगाळली. मी पुढे गेले. आणि काय सांगू, चंद्रविलासच्या काचेत ती उभी! ती हो, पुतळी! ओळखलं मी तिला बघताक्षणी! श्रीकांतच्या मुंजीच्या आधीपासून त्या दुकानाच्या दर्शनी भागात उभी असायची, नेहमी शालूत, डोक्यावर पदर. नाकाचा टवका उडालेला, तोही तोच! आणि आता तिच्या अंगात काय घातलं होतं? तंग विजार! आणि वर पोट उघडं! या वयात! अहो, चाळीस वर्षं बाईनं अब्रूनं काढली आणि म्हातारपणी ही पाळी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. दुकानाची पाटी वाचली, तर 'सी. व्ही. वर्ल्ड'. चंद्रविलासचं सी. व्ही. वर्ल्ड! शेटजींनी वरून वाचलं असेल तर पुन्हा गेले असतील!

पण दुकान तेच, पुतळी तीच, म्हणून माझे पाय आपोआप थांबले, आणि मी उंबऱ्याशी चपला काढल्या. जोडून, भिंतीकडे तोंड करून, नीट. जन्मभराची सवय! चपला घालून कापडाच्या दुकानात आपण कधी शिरलो आहोत का? सांगा ना!

आत गादी नाही. गादी नाही म्हणजे बैठक नाही, म्हणजे बसणंच नाही! नुसत्या लोखंडी दांड्या, आणि त्यांना टांगलेले कपडे, धोब्याकडे टांगतात तसे. एक मुलगी आली, छातीवर नावाची पट्टी, 'मीना'. गोड होती दिसायला, उगीच का खोटं बोलू. "येस मॅम?" मी म्हटलं, बाळ, नऊवारी दाखव. "क्या, अम्मा?" नौ गज़ की साड़ी. "नौ गज़... ड्रेस मटेरियल में देखूँ?" अग, ड्रेस नव्हे, साडी, ही बघ, ही माझ्या अंगावर आहे ना, ही! तिनं मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, तोंडावर हात ठेवून म्हणते, "अम्मा, ये स्टिच की हुई आती है क्या?" शिवलेली! नऊवारी शिवलेली! मी मॅट्रिकला होते तेव्हापासून नेसते आहे, आजवर दोऱ्याचा टाका लागलेला नाही माझ्या वस्त्राला!

मग मी म्हटलं, शेटजींचा मुलगा कुठे आहे? दिलीप! त्याला बोलव. दिलीप आला. गळ्यात टाय. लहानपणी त्या जुन्या दुकानातल्या गादीवर लोळत असायचा, मी त्याला लिमलेटच्या गोळ्या दिलेल्या आहेत. "अरे माईजी! आप!" वाकला, पायाला हात लावला, सगळं केलं... पण 'बसा' म्हणाला? नाही! म्हणणार कसा? बसायला होतं काय? तोच उभा! म्हणाला, "माईजी, नौवारी का स्टॉक तो बंद कर दिया. कंपनी का माल रखते हैं अब. आजकल पहनता कौन है?"

पहनता कौन है! मी समोर उभी आहे ना रे! मी काय धुकं नेसून आले आहे?

तो ओशाळला. जरा विचार करून, अगदी मनापासून हो, म्हणतो, "एक काम करो माईजी, पर्दे के सेक्शन में चलो. वहाँ कपड़ा मीटर से मिलता है. नौ गज़ चाहो नौ गज़, बीस चाहो बीस. सिल्क का लुक भी है."

पडदा! सौमित्रच्या ग्वाल्हेरच्या आजेसासूबाईंना मी पडदा नेसवू? तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं, ते मी इथे सांगणार नाही, पण सगळं शुद्ध मराठीत होतं, आणि त्या दुकानातलं ते गाणं म्हणणारं यंत्र कुणीतरी बंद केलं. मी म्हटलं, दिलीप, तुझे वडील गिऱ्हाइकाला बसवून वस्त्र दाखवायचे, तू उभं करून पडदा दाखवतोस! त्याची मान खाली गेली. जाऊ दे. मी पाठ फिरवली, दाराशी आले...

चपला नाहीत!

मी इकडे बघते, तिकडे बघते, भिंत आहे, पुतळी आहे, चपला नाहीत! तेवढ्यात शेजारच्या बुटांच्या दुकानातून एक मनुष्य हसत हसत येतो, हातात कागदाचा चिटोरा, "माताजी, ये लीजिए आपका कूपन!" कसलं कूपन? तर त्यांच्याकडे चाललं होतं, काय म्हणतात त्याला, एक्सचेंज! पुराना लाओ, नया ले जाओ! त्याला वाटलं, म्हातारीनं जुन्या चपला आणून ठेवल्या! अरे, जुन्या? दिवाळीतल्या होत्या! मी म्हटलं, माझ्या चपला परत दे. तर चेहरा पाडून म्हणतो, "अब तो सिस्टम में चढ़ गई, माताजी."

चपला! सिस्टीममध्ये! त्याच्या दुकानात कोपऱ्यात एवढा ढीग पडलेला, त्याच्या वरच माझ्या दोन्ही चपला मला दिसताहेत, त्या मला दिसताहेत, मी त्यांना दिसते आहे, आणि मध्ये सिस्टीम! कूपनावर काय मिळणार होतं, तर ते उड्या मारायचे बूट, लाल पट्टीचे. नंदा धावत आली, तिनं बिचारीनं स्वतःच्या चपला काढल्या, "आई, तुम्ही या घाला." मी म्हटलं, नाही! माझी सून अनवाणी आणि मी चपलांत? दोघी चला अनवाणी! आणि तशाच, त्या पळत्या जिन्यावरून, त्या बर्फासारख्या फरशीवरून, नंदाच्या चपला तिच्या हातात आणि कूपन माझ्या मुठीत, आम्ही दोघी 'मालवा का सबसे बड़ा'मधून बाहेर पडलो. बाहेर डांबर असं तापलेलं, की रिक्षावाला स्वतः उतरला, सीट झटकली, आणि म्हणाला, "बैठो माँजी." ऐकलंत? दिवसभरात पहिला माणूस!

घरी आले आणि एकच वाक्य बोलले. श्रीकांत, इंदूर. पहिल्यापासून त्याचंच बरोबर होतं, आणि तेच जास्त लागलं मला. दुसऱ्या दिवशी गेला, राजवाड्यापाशी अर्ध्या तासात घेऊन आला. अंजिरी रंग, जरीचा बारीक काठ, नऊच्या नऊ वार, मी स्वतः मोजलं. मन शांत झालं. मान वाचला!

लग्न इथेच होतं, मुलीकडची मंडळी आदल्या दिवशी उतरली. मी आजेचीर ताटात घेतलं, वर खण, नारळ, हळदकुंकू, आणि दारात उभी. गाडीतून उतरल्या अंबिकाबाई. केस मानेपर्यंत कापलेले. अंगात पंजाबी ड्रेस, पोपटी! पायात पांढरे बूट, लेसवाले! खाडखाड चालत आल्या, मला मिठी मारली, मिठी! मी ताट सावरते आहे, आणि म्हणतात, "माई, किती ऐकलंय तुमच्याबद्दल!"

मी त्यांची ओटी भरली, वस्त्र दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं, हात फिरवला, डोळे भरून आले हो त्यांचे. "नऊवारी! माझी आई नेसायची. मला नाही कधी नेसता आली, माई. पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली ना! पण हे मी जपून ठेवीन." आता या बाईवर रागवायचं कसं? मागे नंदा उभी होती. फोन करून विचारू का, म्हणाली होती... तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि न पाहता जे पाहिलं, ते मला बरोबर कळलं!

बरं, मान झाला, लग्न झालं, गोड झालं. मंडळी परत निघाली, पण अंबिकाबाई राहिल्या, त्यांना महाकालाचं दर्शन घ्यायचं होतं. ते काल झालं. काल संध्याकाळी चहा पिता पिता माझा हात हातात घेऊन म्हणतात, "माई, तुमच्या इथे म्हणे मालव्यातला सगळ्यात मोठा मॉल आहे. मला तेवढा दाखवता का? दुसरं कुणी नको, तुमच्याबरोबरच जायचं आहे मला!"

नवरीच्या आजी. मानाच्या. आजेचीर घेतलेल्या. नाही म्हणायचं त्यांना? नंदा चहाचे कप घेऊन आत गेली, तेव्हा तिचे खांदे हलत होते.

उद्या दहाला रिक्षा सांगितली आहे. अंबिकाबाई म्हणाल्या, घाई नको हं माई, एकूण एक मजला सावकाश बघू या.