ओढ्याचा काठ

नगरच्या एसटी स्टँडवर शिंगणापूरच्या रांगेत भूमितीचे बोपर्डीकर मास्तर उभे होते. पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या.

“चांगुणे, बानं आपल्याला ओढ्याचा काठ मोजायला लावल्ता, आठवतं?”

“व्हय आक्का. तू बाच्या काठीनं मोजला तर तीनशे हात भरला, माझ्या वितीनं चारशे हात. तू माझ्या झिंज्या उपटल्या.”

“बा म्हनला, दोघीबी खऱ्या. काठी वळनावरनं उडी मारती, वीत वळनात शिरती.”

“वळनात वळनं, त्यात आनखी बारकी. मुंगीनं मोजला तर सरायचाच न्हाई, म्हनायचा.”

मास्तरांनी हातातला पेपर खाली केला.

“चांगुणे, यंदा माहेरी गेल्ते. दुष्काळी कामात ओढा सरळ केलाय गं.”

“मंग, मोजला न्हाईस?”

“मोजला की. बाच्या काठीनं दोनशे हात, तुझ्यावानी वितीनंबी दोनशेच हात.”